बाहेरच्या गेमविना कन्सोल: निन्टेंडोच्या चढउतारांमागची गोष्ट

नवा कन्सोल, म्हणजे व्हिडिओ गेम खेळायचं यंत्र, बाजारात आला की एक वाद हमखास सुरू होतो. यंत्र बनवणाऱ्या कंपनीचे स्वतःचे गेम दमदार असतील, तर बाहेरच्या कंपन्यांची, म्हणजे थर्ड पार्टीची, गरज उरते का? हा वाद घालताना नाव बहुतेक वेळा निन्टेंडो या जपानी कंपनीचंच निघतं, आणि ते रास्तही आहे. २००६ साली आलेला त्यांचा 'वी' (Wii) हा कन्सोल जगभरात १० कोटींहून अधिक विकला गेला. त्यानंतर २०१२मध्ये आलेला वी यू मात्र जेमतेम १ कोटी ३५ लाखांवर अडकला. कंपनी तीच, तिच्या गेममधला मारिओ तोच, झेल्डाही तीच. मग एवढी घसरण कशामुळे झाली, हे समजून घ्यायचं तर बरंच मागं जावं लागतं.

१९७७मध्ये अटारी या अमेरिकी कंपनीचा व्हीसीएस हा कन्सोल आला, तेव्हा बाहेरची कंपनी ही कल्पनाच अस्तित्वात नव्हती. यंत्र अटारीचं, कॅसेटही अटारीचीच. गेम लिहिणाऱ्या प्रोग्रामरचं नाव डब्यावर छापलं जात नसे आणि विक्रीतला वाटाही त्याला मिळत नसे. या वागणुकीला कंटाळून डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लन, अॅलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड बाहेर पडले आणि १९७९मध्ये त्यांनी अॅक्टिव्हिजन काढली. अटारीनं त्यांना कोर्टात खेचलं. १९८२मध्ये तडजोड झाली आणि रॉयल्टी देऊन दुसऱ्याच्या यंत्रासाठी गेम बनवायची वाट मोकळी झाली. त्याच वर्षी क्रेनचा 'पिटफॉल' आला आणि त्याच्या ४० लाखांवर कॅसेट खपल्या. व्हीसीएसच्या सर्वात गाजलेल्या गेमपैकी एक असा बाहेरच्यांनी दिला.

मात्र दार उघडलं तसे वाट्टेल ते लोक आत शिरले. दुकानं सुमार कॅसेटींनी भरून गेली आणि १९८३मध्ये अमेरिकेतला हा धंदाच कोसळला. दोष सगळा बाहेरच्यांचा नव्हता. अटारीचा स्वतःचा 'ई. टी.' घाईघाईत उरकलेला होता, आणि न खपलेल्या कॅसेटी न्यू मेक्सिकोतल्या अॅलामोगोर्डो इथं पुराव्या लागल्या.

या पडझडीतून निन्टेंडोनं घेतलेला धडा म्हणजे बाहेरच्यांना आत घ्यायचं, पण लगाम हातात ठेवून. जपानमध्ये त्यांचा फॅमिकॉम हा कन्सोल जुलै १९८३मध्ये आला आणि सुरुवातीला त्यावर फक्त निन्टेंडोचेच गेम होते. १९८४मध्ये हडसन आणि नामको या कंपन्या आल्या आणि तिथून खरी गर्दी सुरू झाली. फॅमिकॉमचाच अवतार म्हणून अमेरिकेत गेलेल्या एनईएसमध्ये कुलूप घालणारी चिप होती. निन्टेंडोची परवानगी नसलेली कॅसेट त्यात चालत नसे. परवाना घेणाऱ्याला वर्षाला पाचच गेम काढता येत. तो गेम दोन वर्षं दुसऱ्या कन्सोलवर न्यायचा नाही, आणि कॅसेटी निन्टेंडोकडूनच बनवून घ्यायच्या, त्याही आगाऊ पैसे भरून. अटी जाचक होत्या, तरी कंपन्या रांगेत उभ्या राहिल्या, कारण गिऱ्हाईक तिथंच होतं.

या बाहेरच्यांचं वजन किती होतं ते आपल्याकडच्या आठवणींवरूनही कळतं. नव्वदच्या दशकात मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या गावापर्यंत 'समुराई', 'मीडिया' अशा नावांनी जे व्हिडिओ गेम टीव्हीला जोडले जात, ते याच फॅमिकॉमच्या घराण्यातले. त्यावर पोरं काय खेळायची? 'कॉन्ट्रा' कोनामीचा, 'बॉम्बरमॅन' हडसनचा, विटा फोडत जाणाऱ्या रणगाड्यांचा 'बॅटल सिटी' नामकोचा. 'मारिओ' आणि 'डक हंट' निन्टेंडोचे खरे, पण एका कॅसेटमध्ये कोंबलेल्या त्या शेकडो गेमची यादी बाहेरच्यांमुळेच लांब व्हायची.

खरी फाटाफूट झाली ती सीडीवरून. सोनी आणि निन्टेंडो मिळून एनईएसनंतरच्या सुपर एनईएस या कन्सोलसाठी सीडी ड्राइव्ह बनवत होते. १९९१मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात सोनीनं ते जाहीर केलं आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेंडोनं आपण फिलिप्सबरोबर जात असल्याचं सांगितलं. दुखावलेल्या सोनीनं स्वतःचं यंत्र बनवलं. प्लेस्टेशन डिसेंबर १९९४मध्ये आला, सीडी घेऊन. निन्टेंडो ६४ आला १९९६मध्ये, आणि तो कॅसेटवरच अडून राहिला.

गेम प्रकाशकाच्या जागी बसून हा हिशोब मांडून पाहा. कॅसेट म्हणजे आत चिप असलेली महागडी वस्तू. तिची ऑर्डर महिनोन्‌महिने आधी द्यायची, पैसे अडकवायचे, आणि अंदाज चुकला तर माल गळ्यात. गेम अपेक्षेपेक्षा जास्त चालला तरी पंचाईतच, कारण नव्या कॅसेटी येईपर्यंत मागणी ओसरून जाते. सीडी मात्र अगदी स्वस्तात छापून होते. आधी थोड्या काढायच्या, खपल्या तर पुन्हा छापायच्या. जागेचा प्रश्न वेगळाच. 'सुपर मारिओ ६४' अवघ्या ८ मेगाबाइटच्या कॅसेटमध्ये बसला होता आणि त्या कन्सोलची सर्वात मोठी कॅसेट ६४ मेगाबाइटची होती. एका सीडीत साधारण ६५० मेगाबाइट मावत. स्क्वेअर ही गेम कंपनी निन्टेंडोची जुनी सोबतीण, पण तिला हव्या असलेल्या चित्रफिती कॅसेटमध्ये बसणं शक्यच नव्हतं. १९९७च्या जानेवारीत 'फायनल फँटसी ७' तीन सीडींवर प्लेस्टेशनसाठी आला. त्याच सुमारास एनिक्स या दुसऱ्या कंपनीनंही 'ड्रॅगन क्वेस्ट'चा पुढचा भाग तिकडेच जाणार असल्याचं जाहीर केलं. जपानमधले दोन सर्वात मोठे खेळ हातचे गेले.

निन्टेंडो ६४साठी निन्टेंडोनं जे घडवलं ते या माध्यमातलं अव्वल काम आहे, असं मी ठामपणे म्हणेन. 'ऑकरिना ऑफ टाइम'नं त्रिमितीतला खेळ कसा हाताळायचा ते साऱ्या जगाला शिकवलं. तरीही यंत्रं खपली ३ कोटी २९ लाख, आणि प्लेस्टेशन गेला १० कोटींच्या पुढं. त्यातही 'गोल्डनआय' बनवणारी रेअर ही इंग्लंडमधली कंपनी; निन्टेंडोचा तिच्यात हिस्सा होता, पण घर वेगळं होतं. म्हणजे 'स्वतःच्या जोरावर' म्हणतात त्या काळातही हात बाहेरचे लागलेच.

सेगा या जपानी कंपनीचा ड्रीमकास्ट हा कन्सोल याहून दुर्दैवी. इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌सनं त्याच्याकडे पाठ फिरवली. अमेरिकेत या बड्या गेम कंपनीच्या अमेरिकन फुटबॉलच्या गेमशिवाय कन्सोल विकणं अवघड, म्हणून सेगानं गेम बनवणारी व्हिज्युअल कॉन्सेप्ट्‌स विकत घेऊन स्वतःची क्रीडा मालिका उभी केली. ती चांगलीही निघाली. पण तिजोरी रिकामी होती आणि प्लेस्टेशन २ उंबरठ्यावर होता. २००१च्या जानेवारीत सेगानं कन्सोलचा धंदा सोडत असल्याचं जाहीर केलं आणि ती स्वतःच इतरांसाठी गेम बनवणारी कंपनी झाली. निन्टेंडोकडे निदान हातात पैसा होता आणि गेमबॉय या हातात धरायच्या यंत्राचा आधार होता, म्हणून निन्टेंडो ६४नंतर आलेल्या गेमक्यूबचा २ कोटी १७ लाखांचा आकडा तिला पचवता आला.

वीनं हे गणित काही काळ उलटं केलं. बरोबर मिळणाऱ्या 'वी स्पोर्ट्‌स'साठी आजी-आजोबांनीही रिमोट हातात घेतला. यंत्र ताकदीनं कमी, त्यामुळे त्या पिढीतले बाहेरचे मोठे गेम त्यावर फारसे आले नाहीत, आणि तरी काही अडलं नाही. युबिसॉफ्ट या बाहेरच्या कंपनीच्या 'जस्ट डान्स'सारख्या मालिका मात्र तिथं खूप रुजल्या. या मालिकेवर पुढं पुण्यातल्या स्टुडिओचंही काम आहे. पण हा नवा गिऱ्हाईकवर्ग वर्षाला आठ-दहा गेम घेणारा नव्हता. स्मार्टफोन आला तसा तो तिकडे सरकला, आणि वी यूच्या वेळी निन्टेंडोच्या पाठीशी तो नव्हता.

वी यूच्या पहिल्या महिन्यांकडे नीट पाहायला हवं, कारण सगळं उत्तर तिथं आहे. नोव्हेंबर २०१२मध्ये कन्सोल आला तो 'न्यू सुपर मारिओ ब्रदर्स यू' घेऊन. बाहेरच्या कंपन्यांनी सुरुवातीला इतर यंत्रांवर आधीच आलेले गेम आणले. मग जानेवारी, फेब्रुवारी कोरडेच गेले आणि अध्यक्ष सातोरू इवाता यांना त्याबद्दल जाहीर माफी मागावी लागली. 'रेमन लेजंड्‌स' फक्त वी यूसाठी फेब्रुवारीत यायचा होता. युबिसॉफ्टनं तो सप्टेंबरवर ढकलला आणि इतर कन्सोलवरही नेला. निन्टेंडोचा स्वतःचा 'पिकमिन ३' आला थेट जुलै-ऑगस्टमध्ये. एचडी गेमला किती माणसं लागतात याचा कंपनीचा अंदाज चुकला होता, आणि त्याच माणसांकडून थ्रीडीएस या हातात धरायच्या यंत्रासाठीही गेम हवे होते. सुरुवातीला यंत्र विकलं जात होतं खर्चाहून कमी किमतीत, म्हणजे भरपाई गेममधूनच व्हायची, आणि बाहेरच्यांच्या प्रत्येक विक्रीवर मिळणारं परवाना शुल्कही आटलेलं. २०१३मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌सकडे वी यूसाठी एकही गेम तयार होत नव्हता.

माझ्या मते बाहेरच्यांची खरी किंमत या रिकाम्या महिन्यांत दिसते. लोक निन्टेंडोचं यंत्र मारिओसाठीच घेतात, हे खरंच आहे. पण दोन मारिओंच्या मध्ये जे सहा-आठ महिने जातात, तेवढ्यात दुकानदार ती फळी दुसऱ्या मालाला देतो आणि घरातलं यंत्र धूळ खात पडतं. एकटी कंपनी कितीही गुणी असो, कॅलेंडर भरायला तिची माणसं पुरत नाहीत.

वी यूनंतरच्या स्विच या कन्सोलच्या वेळी हे ओळखून पावलं टाकली गेली. २०१५मध्ये निन्टेंडोनं आपले दोन मोठे गेम विभाग एकत्र केले. घरचं आणि हातातलं यंत्र एकच झाल्यानं सगळी माणसं एकाच कामाला लागली. २०१७चं वेळापत्रक बघा: मार्चमध्ये 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड', एप्रिलमध्ये 'मारिओ कार्ट ८ डिलक्स', जूनमध्ये 'आर्म्स', जुलैमध्ये 'स्प्लॅटून २', ऑक्टोबरमध्ये 'सुपर मारिओ ओडिसी'. मधल्या फटी छोट्या स्टुडिओंनी बुजवल्या. त्याच वर्षी 'स्टार्ड्यू व्हॅली' आला आणि पुढच्या वर्षी 'हॉलो नाइट'. आत एनव्हिडियाची चिप आणि युनिटी, अनरिअलसारख्या सर्वपरिचित इंजिनांची, म्हणजे गेम बनवायच्या तयार सॉफ्टवेअरची, सोय असल्यानं गेम आणणं सोपं झालं होतं. 'स्कायरिम' आला, २०१९मध्ये 'विचर ३'सुद्धा आला. वी यूवर साधारण ८५ लाख खपलेला 'मारिओ कार्ट ८' स्विचवर ६ कोटींच्या पुढं गेला. गेम जवळजवळ तोच होता. बदललं होतं ते भोवतालचं दुकान. स्विचनं १५ कोटींचा टप्पा ओलांडला.

जून २०२५मध्ये स्विच २ आला आणि पहिल्या चार दिवसांत ३५ लाख यंत्रं खपली. या वेळी बाहेरचे पहिल्या दिवसापासून हजर होते. 'सायबरपंक २०७७' तर ६४ गिगाबाइटच्या कार्डावर आला. पण अनेक प्रकाशकांनी वाट धरली ती गेम-की कार्डाची. या कार्डात गेम नसतोच. ते खुपसल्यावर पूर्ण गेम इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागतो. गेम कपाटात जपून ठेवणाऱ्या खेळाडूंना ते अजिबात रुचलेलं नाही, आणि बरेच प्रकाशक मात्र मोठ्या क्षमतेच्या कार्डाचा खर्च सोसायला तयार नाहीत.