परदेशी शिक्षणकाळातील अर्धवेळ काम आणि बडोदे

विद्यार्थी व्हिसावर शिकत असताना त्या देशाच्या कायद्याने ठरवलेल्या तासांच्या मर्यादेत करायचे पगारी काम. बोलण्यात सगळे त्याला ‘पार्टटाइम’च म्हणतात. बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा भागांतल्या मराठी घरांत परदेशी प्रवेशाचा विषय निघाला की फीच्या पाठोपाठ याची चौकशी होते.

बडोद्याला परदेशी शिक्षण नवे नाही. महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठासाठी तीन वर्षांची, दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, अशी अट होती. म्हणजे फेड शिक्षण झाल्यावर करायची होती. आज महाराजा सयाजीराव विद्यापीठातली पदवी घेऊन निघणाऱ्या मुलामुलींमागे संस्थान नाही. बँकेचे कर्ज आणि आईवडिलांची पुंजी असते. म्हणून शिकतानाच चार पैसे मिळवण्याला इतके महत्त्व आले.

नियम देशागणिक वेगळे आहेत आणि ते बदलत राहतात. ब्रिटनमध्ये पदवी किंवा त्यापुढच्या अभ्यासक्रमाला सत्र चालू असताना साधारणपणे आठवड्याला २० तास काम करता येते. कॅनडाने कॅम्पसबाहेरच्या कामाची मर्यादा नोव्हेंबर २०२४ पासून आठवड्याला २४ तास केली. ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून पंधरवड्याला ४८ तासांची मुभा आहे. जर्मनीत मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. अमेरिकेची चौकट सर्वांत कडक: सत्रात आठवड्याला २० तास, तेही कॅम्पसवर. पहिल्या शैक्षणिक वर्षात बाहेर नोकरीला सहसा परवानगी मिळत नाही. तिथे ग्रंथालय, कॅन्टीन किंवा प्रयोगशाळेतले काम मिळते; असिस्टंटशिप (प्राध्यापकांना शिकवण्यात किंवा संशोधनात मदत करण्याचे पगारी काम) मिळाली तर मात्र बऱ्याचदा फीसुद्धा माफ होते.

परदेशी प्रवेश जुळवून देणाऱ्या कन्सल्टन्सीच्या टेबलावर पार्टटाइमची कमाई फीच्या हिशेबात मिळवून दाखवली जाते, ते धोक्याचे आहे. ब्रिटनच्या व्हिसासाठी निर्वाहाची रक्कम आधीच दाखवावी लागते आणि तिथे पुढच्या पार्टटाइमची मिळकत जमेस धरत नाहीत. जर्मनीसाठी ब्लॉक्ड खात्यात (ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते) वर्षाचे ११,९०४ युरो अगोदर भरण्याची पद्धत आहे. सुपरमार्केट, हॉटेलचे किचन, गोदाम, वृद्धांची सेवा अशा कामांतून किराणा आणि प्रवास निघतो, भाड्याला हातभार लागतो. एवढ्यासाठी ते काम मोलाचे आहे. फी त्यातून निघेल असे धरून घर गहाण टाकू नये.

सर्वांत मोठा धोका ‘कॅश जॉब’चा. रोख पगार, पेस्लिप नाही, तासांची नोंद नाही. मर्यादा मोडल्याचे उघड झाले तर व्हिसा रद्द होऊ शकतो, आणि कर्ज तसेच डोक्यावर राहते. ब्रिटनमध्ये विद्यार्थी व्हिसावर स्वतंत्र व्यवसाय करायला मनाई आहे. त्यामुळे स्वयंरोजगार धरली जाणारी फूड डिलिव्हरी करता येत नाही. मित्राचे अकाउंट भाड्याने घेऊन ती केली तर गुन्हा अधिकच वाढतो. मात्र कमी पगार मुकाट्याने सोसायचे कारण नाही. ऑस्ट्रेलियात किमान वेतनाचा कायदा परदेशी विद्यार्थ्यांनाही तसाच लागू आहे, आणि मालकाने पैसे बुडवल्यास फेअर वर्क ओम्बड्समन या कामगार हक्कांच्या सरकारी यंत्रणेकडे तक्रार करता येते.