मोनोवाय

मोनोवाय : अमेरिकेच्या नेब्रॅस्का राज्यातील बॉइड काउंटीमधील (जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग) एक अतिलहान शेतीप्रधान खेडे. स्थान सु. 42° 50′ उ. व 98° 20′ प.; क्षेत्रफळ सु. 0.54 चौ. किमी. लोकसंख्या 1 (2010), 2 (2020). यांपैकी दुसरा आकडा शब्दशः घेण्याजोगा नाही. त्याची चर्चा पुढे केली आहे. 2010 च्या जनगणनेनुसार एकच रहिवासी असलेली अमेरिकेतील ही एकमेव विधिवत स्थापित नगरसंस्था मानली जाते.

भूरचना : बॉइड काउंटी नेब्रॅस्काच्या उत्तर सीमेवर आहे. तिच्या दक्षिणेला किया पाहा व नायोब्रारा या नद्या, ईशान्येला मिसूरी नदी, तर उत्तरेला 43° अक्षवृत्तालगत साउथ डकोटा राज्य आहे. पोंका क्रीक हा ओढा काउंटीतून आग्नेयेकडे वाहत जाऊन मिसूरीला मिळतो. उताराच्या टेकड्या, गवताळ माथे आणि ओढ्याकाठची झाडी असे येथील भूदृश्य आहे. बऱ्याच भागात पिएर शेल या सागरी मृदाखडकापासून बनलेली जड, चिकण माती आढळते. ती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे नांगरटीपेक्षा कुरणाला अधिक मानवते. वार्षिक पर्जन्य साधारण 600 मिमी. असला, तरी त्यात वर्षागणिक मोठा फरक पडतो. ओलसर पूर्व व कोरडा पश्चिम यांच्या सांध्यावरचा हा पट्टा असल्याने मका, सोयाबीन व आल्फाल्फा गवत यांबरोबरच मांसासाठी गुरे पाळणे हा येथील शेतीचा आधार राहिला आहे.

इतिहास : नायोब्रारा व पोंका क्रीक यांदरम्यानचा प्रदेश 1858 च्या कराराने पोंका या मूलनिवासी लोकांकडे राहिला होता. 1868 च्या फोर्ट लॅरॅमी करारात तो चुकीने सू या दुसऱ्या मूलनिवासी लोकांच्या राखीव क्षेत्रात दाखवला गेला आणि 1877 मध्ये पोंकांना बळाने दक्षिणेकडे इंडियन टेरिटरीत (आजचे ओक्लाहोमा) हलवण्यात आले. मृत मुलाला मायभूमीत पुरण्यासाठी परतलेला त्यांचा प्रमुख स्टँडिंग बेअर याच्या 1879 च्या ओमाहा येथील खटल्यात, मूलनिवासी हा कायद्याच्या दृष्टीने ‘व्यक्ती’ आहे, असा निर्णय झाला. मोनोवायचा इतिहास बहुधा रेल्वेपासून सांगितला जातो. पण ही जमीन वसाहतीसाठी मोकळी कशी झाली, हे त्याआधीच्या या घटनांशिवाय कळत नाही. 1882 च्या कायद्याने राज्याची सीमा 43° अक्षवृत्तापर्यंत सरकली, प्रत्यक्ष वसाहत मुख्यतः 1890 नंतर झाली आणि 1891 मध्ये काउंटीची स्थापना झाली.

फ्रीमाँट, एल्कहॉर्न अँड मिसूरी व्हॅली या कंपनीचा रेल्वेमार्ग 1902 मध्ये या भागात पोहोचला, तेव्हा मोनोवायची आखणी झाली. टपाल कचेरीही त्याच वर्षीची आहे. येथे विपुल असलेल्या रानफुलांवरून, ‘फूल’ अशा अर्थाच्या एका मूलनिवासी शब्दापासून गावाचे नाव पडले, असे स्थलनामकोशांत नोंदवलेले आढळते. भाषेचा उल्लेख नसल्याने ही व्युत्पत्ती परंपरागत म्हणूनच घ्यावी.

लोकसंख्या : दशवार्षिक जनगणनेतील आकडे असे : 109 (1910), 100 (1920), 123 (1930), 99 (1940), 67 (1950), 40 (1960), 16 (1970), 18 (1980), 6 (1990), 2 (2000), 1 (2010). 1930 च्या दशकात गावात 150 लोक होते, असे वृत्तलेखांत वारंवार येते. दोन जनगणनांच्या दरम्यान तेवढी वस्ती असणे अशक्य नाही. तथापि मोजलेला उच्चांक 123 हाच असून तोच अधिक विश्वसनीय वाटतो.

ही घट समजण्यासाठी वस्तीची घडण पाहावी लागते. महाराष्ट्रात शेतकरी गावठाणात राहतो व शिवारात कसायला जातो. येथे सरकारी भूमापनाने जमीन एक मैल बाजूच्या चौकोनांत विभागली आणि 1862 च्या होमस्टेड कायद्यान्वये 160 एकरांचा तुकडा घेणाऱ्याला त्याच तुकड्यावर राहणे बंधनकारक होते. त्यामुळे शेतकरी आपापल्या शेतावर विखुरले. खेड्यात राहिले ते दुकानदार, धान्यव्यापारी, शिक्षक, लोहार व रेल्वे कामगार. ट्रॅक्टर आले, शेते एकमेकांत विलीन होत मोठी झाली, भोवतालची कुटुंबे कमी झाली. मोटारीमुळे दूरची बाजारपेठही जवळची झाली. अशा वेळी प्रथम खेडे ओस पडते, शेती मात्र चालू राहते. बॉइड काउंटीचीच लोकसंख्या 1910 मधील 8,826 वरून 2020 मध्ये 1,810 वर आली आहे. मोनोवायची टपाल कचेरी 1967 मध्ये व शाळा 1974 मध्ये बंद झाली. रेल्वेमार्गही पुढे उखडला गेला.

2020 च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या 2 अशी प्रसिद्ध झाली, पण कोणी राहायला आले नव्हते. जनगणनेतील वैयक्तिक माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन कायद्याने जनगणना विभागावर आहे. 1990 ते 2010 या काळात त्यासाठी काही निवडक कुटुंबांच्या नोंदींची ठिकाणे आपापसांत बदलत. मात्र प्रत्येक गणनाखंडाची (जनगणनेतील सर्वांत लहान क्षेत्राची) एकूण लोकसंख्या बदलत नसे. म्हणून 2010 चा ‘1’ हा प्रत्यक्ष मोजणीचा आकडा होय. 2020 मध्ये ‘विभेदी गोपनीयता’ ही गणिती पद्धत स्वीकारली गेली. तीत आकड्यांमध्ये यादृच्छिक फरक मिसळतात, फरक किती, हे ‘एप्सिलॉन’ या प्राचलावर अवलंबून असते. राज्याची एकूण लोकसंख्या व प्रत्येक खंडातील घरांची संख्या मात्र जशीच्या तशी ठेवली जाते. लाखांच्या शहरात असा फरक नगण्य ठरतो. एका माणसाच्या गावात तो शंभर टक्के होतो.

या पद्धतीवर मतभेद आहेत. जनगणना विभागाचे तत्कालीन प्रमुख शास्त्रज्ञ जॉन अबाउड यांच्या मते, आजच्या संगणकीय क्षमतेमुळे जुन्या रीतीने प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांतून व्यक्तींच्या नोंदी पुन्हा जुळवता येतात. इतिहासकार व लोकसंख्याशास्त्रज्ञ स्टीव्हन रगल्स यांनी हा धोका अतिरंजित असल्याचे व लहान प्रदेशांची आकडेवारी त्यामुळे निकामी होत असल्याचे प्रतिपादले. गोपनीयतेची बाजू दुर्लक्षिण्यासारखी नाही. परंतु खेड्यांच्या दीर्घकालीन अभ्यासासाठी रगल्स यांचा आक्षेप अधिक समर्पक दिसतो. मोनोवायच्या वरील आकडेमालेत 2020 चा आकडा म्हणूनच घेतलेला नाही. जुन्या पद्धतीतही लहान गावांच्या मोजणीत चुका होत, हेही खरे : इंडियाना राज्यातील न्यू ॲम्स्टरडॅमची लोकसंख्या 2000 मध्ये 1, तर 2010 मध्ये 27 नोंदली गेली.

प्रशासन व सद्यःस्थिती : नेब्रॅस्कात ‘व्हिलेज’ हा नगरसंस्थेचा कायदेशीर वर्ग असून त्यासाठी सामान्यतः 100 ते 800 लोकवस्तीची अट आहे. वस्ती घटली म्हणून दर्जा आपोआप जात नाही, त्यामुळे मोनोवायची नगरसंस्था टिकून राहिली. 2004 मध्ये पतीच्या निधनानंतर उरलेल्या एकमेव वृद्ध महिला रहिवासी महापौर, कारकून व कोषाध्यक्ष ही पदे सांभाळू लागल्या. चार पथदिव्यांसाठी राज्याचा निधी मिळावा म्हणून दरवर्षी रस्त्यांचा आराखडा सादर करणे, करआकारणी करणे आणि मद्यविक्रीच्या परवान्यावर स्वतःच स्वाक्षरी करणे ही कामे त्यात येतात. 1971 पासून त्यांनी चालवलेले उपाहारगृह परिसरातील शेतकऱ्यांचे भेटीचे ठिकाण आहे. पतीच्या संग्रहातील सु. 5,000 पुस्तकांचे छोटे ग्रंथालय त्यांनी शेजारीच उघडले. जुने चर्च व काही पडकी घरे उभी आहेत. गाव राज्य महामार्ग क्र. 12 वर असून पश्चिमेस सु. 11 किमी.वरील लिंच हे जवळचे गाव होय. काउंटीचे मुख्य ठिकाण ब्यूट येथे आहे.