डब्यातल्या पावडरीवाचून मूल खुंटत नाही

‘दुधात पावडर घातली नाही तर पोराची उंची वाढत नाही’ हा समज बेळगाव, खानापूर, निपाणीकडे घरोघरी आहे. हातावर पोट असलेली आईही त्यासाठी महिन्याचे पैसे बाजूला काढते, हे बघून जीव तुटतो.

डबा फिरवून मागचा तक्ता वाचा. अशा अनेक पावडरींत वजनाचा मोठा वाटा नुसत्या साखरेचा असतो. अन्नसुरक्षेच्या २००६ च्या कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ अशी व्याख्याच नाही. म्हणून केंद्राने २०२४ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना त्या गटातून ही पेयं काढायला सांगितलं. उंची ठरते ती आईवडिलांच्या ठेवणीवर, पोटभर चौरस जेवणावर आणि वारंवार आजारी न पडण्यावर.

मग द्यायचं काय? आपल्या खानापूरकडची नाचणी. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधात साधारण १२०. सकाळी आंबील किंवा सत्त्व, दुपारी डाळभातावर चमचाभर तेल-तूप, संध्याकाळी शेंगदाण्याचं कूट घालून गूळपोळी. शेंगदाणे आख्खे मात्र देऊ नका, लहानग्यांच्या घशात अडकतात. दूध साधंच द्या.

अंगणवाडीही सोडू नका. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तिथे पूरक आहार मिळायला हवा, आणि वजनही तिथेच होतं. दोन-तीन महिने वजन जागचं हललं नाही, तर पावडर नको, डॉक्टरांना दाखवा.