सुरक्षा झडप (घरगुती गरम पाण्याच्या यंत्रणेतील)

बंद टाकीत पाणी तापताना वाढणारा दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की आपोआप उघडणारी आणि दाब उतरल्यावर पुन्हा मिटणारी झडप. प्लंबर तिला ‘सेफ्टी व्हॉल्व्ह’ म्हणतात. साठवणीच्या गीझरवर ती थंड पाण्याच्या तोंडाशी, बहुधा एनआरव्हीसह (पाणी उलटे जाऊ न देणाऱ्या झडपेसह) एकाच पितळी तुकड्यात बसवलेली असते. इथला विचार पुण्यातल्या घरांना धरून केला आहे, आणि पुण्यात घर तापवण्याची नळयंत्रणा जवळजवळ नाहीच. म्हणून ही नोंद आंघोळीच्या पाण्यापुरती आहे.

झडपेचे जनकत्व बहुतेक ग्रंथ दनी पापँ (१६४७–सु. १७१३) या फ्रेंच शास्त्रज्ञाकडे देतात. त्याने १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हाडे शिजवून मऊ करणारे घट्ट झाकणाचे भांडे मांडले. आजचा प्रेशर कुकर त्याच वंशातला. तरफेला वजन अडकवून दाबून धरलेली झडप पहिल्याच भांड्यावर होती की मागाहून आली, याबद्दल मतभेद आहेत. ती १६८१ च्या सुमारास आली असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. काही अभ्यासक मात्र योहान ग्लाउबर (१६०४–७०) या जर्मन रसायनज्ञाकडे बोट दाखवतात. बकपात्र (ऊर्ध्वपातनाचे लांब चोचीचे भांडे) फुटू नये म्हणून त्याने त्याच्या तोंडात घासून बसवलेले शंकूच्या आकाराचे बूच आणि त्यावर शिशाची टोपी, अशी योजना वर्णन केली होती. वाफ जोर करू लागली की बूच किंचित उचलले जाई आणि पुन्हा बसे. तत्त्व तेच आहे, आणि ते आधीचे आहे. तरीही वजन तरफेवर पुढेमागे सरकवून झडप किती दाबाला उघडावी हे ठरवता येणे ही पापँच्या रचनेची खूण आहे आणि झडपेचा खरा उपयोग तिथूनच सुरू होतो. त्यामुळे परंपरेने दिलेले श्रेय बदलण्याचे कारण दिसत नाही.

एकोणिसाव्या शतकात वजनाची जागा स्प्रिंगने घेतली. आगगाडीचे चालक जास्त जोर मिळावा म्हणून झडप दाबून किंवा बांधून ठेवत, आणि बाष्पित्रे (बॉयलर) फुटत. जॉन रॅम्सबॉटम या इंग्रज रेल्वे अभियंत्याने १८५० च्या दशकात दोन झडपा एकाच स्प्रिंगने जोडल्या. एक दाबायला जावे तर दुसरी सैल होई. माणसाने झडप निकामी करू नये यासाठीच केलेली ही रचना झडपेच्या इतिहासात फार मोलाची आहे.

पुण्यात पाणी तापवण्याचे जुने साधन तांब्याचा बंब. कसबा पेठेतील तांबट आळीत तो घडवला जाई. तांबटांची वस्ती पेशवाईत वाढली असे सामान्यतः मानतात. मधोमध जाळाची नळी, भोवती पाण्याचा कोठा आणि वर थंड पाणी ओतायचे तोंड, अशी त्याची रचना. तोंड उघडेच असल्याने दाब साठत नाही आणि झडपेची गरज पडत नाही.

साठवणीच्या गीझरमध्ये ही मोकळी वाट बंद होते. २५ लिटर पाणी २५ वरून ६५ अंश से. पर्यंत तापले की ते सुमारे ४०० मिलिलिटरने फुगते. एनआरव्ही नसेल तर हे पाणी गच्चीवरच्या टाकीकडे मागे सरकते. एनआरव्ही असेल तर त्याला जागा उरत नाही. पूर्ण ताठ, काठोकाठ भरलेल्या भांड्यात ५० अंशांच्या आसपास एका अंशाच्या वाढीने दाब सुमारे १० बार (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका) चढेल, असे गणित सांगते. प्रत्यक्षात टाकी थोडी ताणते, थोडी हवा अडकलेली असते, म्हणून वाढ त्याहून कमी. पण पाणी तापत असताना झडपेतून थेंब थेंब पडणे हे झडपेचे कामच आहे, बिघाड नव्हे. नळ बंद, गीझर थंड, तरीही पाणी पडत असेल तर मात्र झडप जिथे टेकते त्या बैठकीत कचरा किंवा क्षार अडकलेला असतो, नाहीतर पुरवठ्याचाच दाब जास्त असतो. (दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक बार, उंच इमारतीत खालच्या मजल्यांवर हा हिशेब महत्त्वाचा ठरतो.)

थेंब नकोसे वाटतात म्हणून झडपेच्या तोंडाला ‘डमी’ (तोंड बंद करणारे बूच) ठोकण्याची पद्धत सर्रास दिसते. टेफ्लॉन टेप गुंडाळून पान्याने आवळलेला तुकडा, आणि काम संपले. ही गोष्ट जिवावर बेतू शकते. ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा थर्मोस्टॅट आणि तो चुकला तर वीज तोडणारा त्यामागचा कटआउट दोन्ही अडकले, तर ८ बार दाबाखाली पाणी १७५ अंशांपर्यंत न उकळता तापू शकते. त्या क्षणी टाकी फाटली तर सुमारे सातव्या हिश्शाची तत्काळ वाफ होते. २५ लिटरच्या टाकीतून ती पाच घनमीटरांहून अधिक भरते. न्हाणीघर बहुधा त्याच्या दुप्पटही नसते.

याच कारणाने केवळ दाबावर चालणारी झडप पुरेशी मानू नये, कारण ती तापमान पाहत नाही. भारतीय मानक आयएस २०८२ खाली येणाऱ्या अनेक गीझरांत पाणी फार तापले की वितळून वाट मोकळी करणारा प्लग असतो. परदेशी घरांत टाकीच्या वरच्या भागात बुडालेली, ९० ते ९९ अंशांना उघडणारी ताप-दाब झडप रूढ आहे; इथे ती मुख्यतः मोठ्या टाक्यांवर आढळते. वाफेच्या बाष्पित्रांची तपासणी पूर्वी १९२३ च्या आणि आता २०२५ च्या बॉयलर कायद्याने बंधनकारक आहे. घरचा गीझर त्या कक्षेबाहेर राहतो. थरमॅक्स, फोर्ब्स मार्शल या वाफेची यंत्रे बनवणाऱ्या पुण्यातल्या कंपन्यांमुळे वाफ जाणणारी माणसे या शहरात पुष्कळ आहेत, पण ती कारखान्यांत.

झडप आणि टाकी यांच्यामध्ये कोणताही कॉक नसावा. झडपेतले पाणी वाहून नेणारी सोडनळी उताराची, उघड्या तोंडाची आणि नजरेत राहील अशी हवी. बोअरवेलचे किंवा टँकरचे जड पाणी वापरणाऱ्या सोसायट्यांत झडपेवर क्षार लवकर बसतो, म्हणून तिची कळ दर काही महिन्यांनी उचलून पाणी सोडून पाहावे.

गच्चीवरच्या विनादाबाच्या सौर बंबाला झडपेऐवजी हवा-वाफ बाहेर सोडणारी उघडी व्हेंट नळी असते. ती थंड पाण्याच्या टाकीच्या पातळीपेक्षा उंच न्यावी लागते. प्रेशर पंप जोडला की तिच्यातून पाणी उडते आणि मग कोणीतरी तिचे तोंड बंद करते. अशी टाकी पंपाला जोडूच नये. दाब हवाच असेल तर त्यासाठी घडवलेली टाकी व ताप-दाब झडप घ्यावी.