दुसरा बेस : गावच्या स्टेजपर्यंतची पार्श्वभूमी

भंडारा-गोंदियाकडे मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रांच्या, दिवसांत ‘बेस’ हा शब्द उठता-बसता कानावर पडतो, पण तो गिटारसाठी नसतो. “भाऊ, बेस कमी येऊन राह्यला ना जी!” असं समोरून कुणी ओरडलं की साऊंडवाला उठतो आणि १८ इंची स्पीकरच्या खोक्यांचा आवाज वाढवतो. स्टेजच्या कोपऱ्यात बेस गिटार नावाचं, गाण्याचा खालचा जाड सूर धरणारं एक वाद्य वाजतंय, हे समोर बसलेल्यांपैकी फार थोड्यांना माहीत असतं. मी ते वाद्य वाजवतो. यंदा आमच्या ऑर्केस्ट्राने दुसरा बेस घ्यायचं ठरवलं आणि निवड माझ्यावर सोपवली. दुकानांत फिरण्याआधी मी मागे वळून पाहिलं, कारण आमच्या एका रात्रीच्या कार्यक्रमात सत्तर वर्षांची गाणी असतात. वंदना, भीमगीतं, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं एखादं भजन, मग रफी आणि किशोरकुमार, पंचमदा, ऐंशीच्या दशकातलं डिस्को, कुमार सानू, आणि शेवटी लोक खुर्च्या सोडून उठतात ती अजय-अतुल यांची गाणी. प्रत्येक काळाचा खालचा सूर वेगळ्या वाद्यातून आलेला आहे.

पन्नासच्या दशकातल्या हिंदी चित्रपटगीतांत खालचा सूर धरायचा तो डबल बास. माणसाएवढं उंच, उभं राहून वाजवायचं लाकडी वाद्य. मुंबईच्या स्टुडिओंत पाश्चात्त्य वाद्यं वाजवणारे आणि त्यांचं संयोजन करणारे बरेच कलाकार गोव्याचे होते. सॅबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस ही त्यांतली मोठी नावं. त्या गाण्यांतला बास ‘धुम्‌’ असा उमटतो आणि लगेच विरतो. सूर लांबत नाही. आजची नवी कोरी, चकचकीत तारांची बेस गिटार घेऊन ते गाणं वाजवलं की सूर सगळे बरोबर असूनही गाणं परकं वाटतं, त्याचं कारण हेच.

अमेरिकेतही गावोगाव फिरणाऱ्या बँडना हा डबल बास जड जात होता. गाडीच्या टपावर बांधायचा, आणि ड्रमसमोर त्याचा आवाजही पोचायचा नाही. सिएटलच्या पॉल टटमार्क यांनी १९३०च्या दशकातच आडवी धरायची, पडदे (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) असलेली विजेवरची बेस गिटार बनवली होती, पण ती फारशी पसरली नाही. पसरली ती लिओ फेंडर यांची. हा माणूस मला फार जवळचा वाटतो. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात त्यांनी १९३८ मध्ये रेडिओदुरुस्तीचं दुकान काढलं होतं. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. दुकानात येणाऱ्या वादकांच्या अडचणी ऐकून ते वाद्य बनवायचे, आणि बनवताना ते दुरुस्त कसं होईल याचा विचार आधी करायचे. १९५१ मध्ये त्यांची ‘प्रिसिजन बेस’ आली. मान चार स्क्रूंनी अंगाला जोडलेली. मोडली तर काढा आणि दुसरी लावा. तारेची लांबी ३४ इंच, म्हणजे डबल बासपेक्षा बरीच कमी. मानेवर पडदे, म्हणून बोट थोडं इकडेतिकडे पडलं तरी सूर अचूक. नावातला ‘प्रिसिजन’ तिथूनच आला. आतलं सर्किट म्हणजे पिकप (तारेचं कंपन विजेत बदलणारा भाग), आवाजाचा पॉट म्हणजे फिरवायची कळ, टोनचा पॉट, एक कपॅसिटर आणि जॅक. तालुक्याच्या गावातला रेडिओ-टीव्हीवाला ते कुठलाही नकाशा न बघता जोडून देतो.

१९५७ मध्ये तिचा पिकप बदलला. दोन तुकडे, दोन-दोन तारांखाली एकेक, आणि दोन्हींची जोडणी परस्परांच्या उलट. त्यामुळे बाहेरून येणारी विजेची गुणगुण दोन्ही तुकड्यांत उलटसुलट होऊन एकमेकींना मारून टाकते. ही गोष्ट आपल्याकडे किती कामाची आहे ते पुढे सांगतो. १९६० मध्ये फेंडरचीच ‘जाझ बेस’ आली. तिची मान वरच्या टोकाला निमुळती आणि पिकप दोन. ब्रिजजवळच्या, म्हणजे तारा अंगावर टेकतात त्या पट्टीजवळच्या, मागच्या पिकपमुळे आवाजाला धार आली, एकेक सूर सुटा ऐकू येऊ लागला. जगातल्या बहुतेक बेस गिटारी आजही या दोन वाद्यांची मुलंबाळं आहेत.

मुंबईत साठच्या दशकाच्या शेवटी आणि सत्तरच्या दशकात डबल बासची जागा बेस गिटार घेऊ लागली. राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यात टोनी वाझ बेस वाजवायचे. पंचमदांची गाणी जवळून ऐका, बेस तिथे तबल्यामागे लपून राहत नाही, गायकाशी बोलतो. आमच्यासारख्या ऑर्केस्ट्रातल्या बेसवाल्याला लोकांनी विचारावं असं वाटत असेल, तर ती संधी याच गाण्यांत मिळते.

पण हे सगळं शहरात. गावात या वाद्याला पोचायला उशीर का झाला, याचं उत्तर मला फार दिवस सापडत नव्हतं. वाद्य महाग होतं, परदेशातून यायचं, १९९१ पूर्वी आयातीवर कडक बंधनं होती आणि जपानी गिटार मिळवायची तर बोटीवरच्या कुणाची तरी ओळख लागायची, हे सगळं खरंच. मात्र खरं कारण डोक्यावर, बांबूला बांधलेलं होतं. आपल्या गावांत आवाज पोचवायचं साधन म्हणजे भोंगा. भोंग्याचं काम बोलणं लांबवर नेणं. साधारण अडीचशे-तीनशे हर्ट्‌झच्या खालचं तो जवळजवळ काही देत नाही (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं; आकडा लहान तितका सूर खालचा). चार तारांच्या बेसची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्‌झची, सगळ्यात बारीक ९८ हर्ट्‌झची. ती बारीक तार बाराव्या पडद्यावर दाबली तरी १९६ वरच जाते. म्हणजे वाद्याचे जवळजवळ सगळे मूळ सूर भोंग्याच्या टप्प्याच्या खाली. भोंग्याच्या काळात एखाद्या गावात बेस गिटार आलीही असती, तरी ती धड कुणाला ऐकू आली नसती. ढोलकी आणि खंजिरी पोचल्या, कारण त्यांचा वरचा कडक बोल भोंग्यातूनही निघतो.

खोक्यांचे स्पीकर आले तोपर्यंत वाद्यांचं जग पालटलं होतं. यामाहाचा डीएक्स-७ हा कीबोर्ड १९८३ चा, रोलँडचा ऑक्टोपॅड, म्हणजे काठ्यांनी वाजवायचं विजेवरचं तालवाद्य, १९८५ चा. आपल्याकडे कोणत्याही कंपनीच्या कीबोर्डला ‘कॅसिओ’ म्हणतात, त्या कॅसिओच्या डाव्या हाताने बेस वाजू लागला आणि पॅडवर ढोल, ड्रम, घुंगरू सगळं मिळू लागलं. दोन माणसांत ऑर्केस्ट्रा उभा राहिला. झाडीपट्टीच्या नाटकात वडसा-देसाईगंजच्या मंडळ्यांबरोबर पायपेटी-ऑर्गन आणि तबला फिरायचा; तिथेही कीबोर्ड आणि पॅड येऊन बसले. दिवाळीनंतर धान घरात आलं की होळीच्या आसपासपर्यंत चालणारा तो हंगाम, गाडीत माणसं आणि सामान कोंबून रोज नवं गाव. बेसवाल्याचं एक मानधन आणि एक जागा वाचत असेल तर मालक वाचवणारच. मला त्यात राग धरण्यासारखं काही दिसत नाही. चित्रपटांतही ऐंशीनंतर बराच बेस कीबोर्डवरच वाजू लागला होता. तिकडे चेन्नईत मात्र ए. आर. रहमान यांच्या गाण्यांत कीथ पीटर्स बोटांनी बेस वाजवत राहिले, आणि आमच्या पिढीला हे वाद्य हातात घ्यावंसं वाटण्यामागे त्यांचा मोठा वाटा आहे.

गंमत अशी की बेस गिटारला गावात आणलं ते डीजे आणि धुमालने, म्हणजे मिरवणुकीत ढोल-ताशे आणि कीबोर्ड वाजवणाऱ्या ताफ्यांनी. नागपूर-भंडाऱ्याकडच्या धुमालने आणि डीजेच्या खोक्यांनी लोकांच्या छातीला खालच्या सुराची सवय लावली. आता तो कमी पडला की लोकांना लगेच कळतं. कीबोर्डवाल्याचा डावा हात ते सगळं पुरवू शकत नाही, म्हणून ऑर्केस्ट्रावाले बेसवाला शोधू लागले. मीही असाच सापडलो.

माझी पहिली बेस पाच तारांची आणि अ‍ॅक्टिव्ह आहे, म्हणजे तिच्या पोटात नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारं सर्किट आहे. या दोन्ही गोष्टी सत्तरच्या दशकातल्या. अलेम्बिक या अमेरिकी कंपनीने अ‍ॅक्टिव्ह सर्किटची वाट दाखवली आणि १९७६ च्या म्युझिक मॅन ‘स्टिंगरे’ने ती सगळीकडे नेली, त्या कंपनीतही लिओ फेंडर होतेच. खाली जाड पाचवी तार असलेली बेस त्याच सुमाराला सुरू झाली.

पाचव्या तारेचा उपयोग आपल्या पेटीच्या (हार्मोनियमच्या) पट्ट्यांच्या भाषेत सांगतो. चार तारांच्या बेसच्या मोकळ्या तारा जाडीकडून पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच. आमचे पुरुष गायक आणि भजनवाले बहुतेक काळी एक किंवा काळी दोनमध्ये गातात. काळी दोन म्हणजे सगळ्यात खालच्या मोकळ्या तारेच्याही एक पडदा खाली! गाण्याचा षड्‌जच वाद्यात नाही. तो वरच्या सप्तकात, दुसऱ्या तारेच्या सहाव्या पडद्यावर घ्यावा लागतो. पाचवी तार पांढरी सातची असते, तिच्या चौथ्या पडद्यावर काळी दोन आणि दुसऱ्यावर काळी एक मिळते. म्हणून मी पहिली बेस पाच तारांची घेतली आणि ते बरोबरच होतं.

मग दुसरी कशाला? साकोलीकडच्या एका गावात मध्यरात्री आवाज आधी फाटला आणि मग बसला. बॅटरी संपली होती. अ‍ॅक्टिव्ह बेसला केबल लावलेली असेपर्यंत सर्किट चालूच राहतं, आणि मी कितीतरी दिवस सरावानंतर केबल तशीच ठेवली होती. त्या वेळी गावात चौकोनी बॅटरी कुठून मिळणार. उरलेला कार्यक्रम कीबोर्डवाल्या दादांनी डाव्या हाताने ओढून नेला. तेव्हापासून दुसऱ्या बेसची पहिली अट पक्की झाली : बॅटरी नको.

दुसरी अट विजेची. जनरेटर, लांबवर ओढलेल्या वायरी, नावापुरतं अर्थिंग आणि शेजारी लाइटिंगचे डिमर. एकेरी पिकपची बेस अशा ठिकाणी गुणगुणत राहते. जाझ बेसचे दोन्ही पिकप सारखे उघडले तर ती बहुधा थांबते, एक कमी केला की परत येते. प्रिसिजनचा १९५७ चा दोन तुकड्यांचा पिकप मात्र एकटाही शांत असतो. पॅसिव्ह, म्हणजे बिनबॅटरीच्या, बेसची केबल लांब ओढली की आवाजाची धार जाते, म्हणून जवळच डीआय बॉक्स (लांब वायरीसाठी सिग्नल तयार करणारी डबी) ठेवायचा आणि पुढची लांब वायर त्यातून काढायची.

तिसरी अट मैदानाची. ४१ हर्ट्‌झच्या सुराची लहर आठ मीटरहून लांब असते आणि उघड्या मैदानावर तिला परतवायला भिंत नसते. सगळ्या गावांत १८ इंची खोकी मिळत नाहीत. लहान खोक्यांत मूळ सूर हरवतो, पण त्याच्या वरच्या पटीतले ८२, १२३ हर्ट्‌झचे सूर पोचले की कान मूळ सूर आपोआप भरून घेतो. प्रिसिजनचा आवाज नेमका या मधल्या भागात भरलेला असतो. पाचव्या तारेचा ३१ हर्ट्‌झचा सूर अशा गावात कुठेच जात नाही, उलट पॅडच्या किकमध्ये, म्हणजे मोठ्या ड्रमच्या ठोक्यात, मिसळून चिखल होतो.

या तिन्ही अटींतून एकच नाव वर येतं, पी-जे. पुढे प्रिसिजनचा दोन तुकड्यांचा पिकप, मागे जाझचा. वादकांनी आपापल्या प्रिसिजनमध्ये मागे एक पिकप खोदून बसवण्यातून ही जात रुळली आणि नंतर कारखान्यांनी ती उचलली. आज यामाहा, आयबनेझ, स्क्वायर यांच्या परवडणाऱ्या चार तारांच्या मॉडेलांत ती सर्रास मिळते. फक्त पुढचा पिकप उघडा ठेवून टोन बंद केला की रफी, टोन अर्धा उघडला की पंचमदा, मागचा मिसळला की डिस्को आणि नव्वदचं दशक. मागचा एकटा उघडला तर गुणगुण येते, एवढं लक्षात ठेवायचं. यामाहाची टीआरबीएक्स-१७४ पूर्ण पॅसिव्ह आहे. काही कंपन्यांच्या पी-जेमध्ये मात्र बेस वाढवणारं बॅटरीचं सर्किट घातलेलं असतं, म्हणून विकत घेताना मागचं झाकण बघून घ्यावं. ज्याच्याकडे आधीच चार तारांची पॅसिव्ह आहे त्याने माझ्या उलट जावं, त्याला पाचवी तार हवी.

वजन मात्र हातात घेऊनच ठरवा. चार किलोच्या वर गेलेली बेस पहिल्या तासात छान वाटते आणि पहाटे खांदा उतरवते. मानेचा बाक कमी-जास्त करणारी आतली सळई दुकानातच फिरवून बघावी. चंद्रपूर-नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात आणि त्यामागून येणाऱ्या पावसाळ्यात मान वाकते आणि सरळ होते, तेव्हा ती सळई वर्षातून दोनदा तरी लागतेच.

तारांवर आमच्यात अजून एकमत नाही. चपट्या, गुळगुळीत गुंडाळीच्या तारा लावल्या तर जुन्या गाण्यांना डबल बासची छाया मिळते, आणि त्या वर्षानुवर्षं टिकतात. डेट्रॉइटचे बेसवादक जेम्स जेमर्सन यांनी त्यांच्या १९६२ च्या प्रिसिजनवर अशाच तारा वापरल्या. पण शेवटच्या तासाच्या नाचाच्या गाण्यांत त्या बोथट वाटतात. कीबोर्डवाले दादा म्हणतात गोल गुंडाळीच्याच ठेव आणि जुन्या गाण्यांपुरता ब्रिजजवळ तारांखाली फोमचा तुकडा सरकव. मी चपट्या लावणार आहे. नाचाच्या गाण्यांना पाच तारांची आहेच, आणि तुकडोजी महाराजांच्या भजनात खंजिरीखाली नुसता षड्‌ज धरून राहायचं असतं, तिथे हाच बोथट सूर सगळ्यात गोड लागतो.