शॉर्ट सीझन आणि वयस्कर टीम (बास्केटबॉल)

एनबीएमधे (अमेरिकेतली प्रोफेशनल बास्केटबॉल लीग) प्रत्येक टीम एरवी ८२ मॅचेस खेळते, लॉकआउट (मालक-प्लेयर्समधल्या कराराच्या वादामुळे मालकांनी खेळ बंद ठेवणं) किंवा साथीमुळे त्या कमी झाल्या की त्याला शॉर्ट सीझन म्हणतात. पटकन वाटतं की मॅचेस कमी म्हणजे पस्तिशीतल्या प्लेयर्सचा फायदाच, पण खरी गोम आकड्यात नाहीये, मॅचेस किती दाटीवाटीने खेळाव्या लागतात त्यात आहे.

२०११-१२ चंच घ्या. लॉकआउटमुळे सीझन थेट २५ डिसेंबरला सुरू झाला आणि ६६ मॅचेस चार महिन्यांत उरकल्या, प्रत्येक टीमला निदान एकदा तरी सलग तीन रात्री तीन मॅचेस खेळाव्या लागल्या. मॅच संपली की रात्रीच विमान, दुसऱ्या शहरात उशिरा पोचून झोप आणि संध्याकाळी परत कोर्टवर, हे पंचविशीतलं शरीर सोसून नेतं पण पस्तिशीतल्या गुडघ्याची सूज एका रात्रीत उतरत नाही. त्यात ट्रेनिंग कॅम्प छोटा, प्रॅक्टिसला दिवस नाहीत, म्हणजे फिटनेस मॅच खेळता खेळताच कमवायचा. आदल्या वर्षीची चॅम्पियन डॅलस इथेच अडकली, त्यांच्या स्टार प्लेयरला, डर्क नोवित्स्कीला, जानेवारीत चार मॅचेस बाहेर बसवून फक्त फिटनेसवर काम करायला लावलं, टीम ३६-३० वर (३६ जिंकल्या, ३० हरल्या) राहिली आणि प्लेऑफच्या, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांच्या, पहिल्याच राउंडला ४-० ने हरली.

याच सीझनमधे सॅन अँटोनियो स्पर्सने ५०-१६ केलं. कोच ग्रेग पॉपोविचने टिम डंकनला मॅचमागे सरासरी २८ मिनिटंच खेळवलं, आणि २५ मार्चला फिलाडेल्फियाविरुद्ध तर बसवूनच ठेवलं, स्कोअरशीटवर न खेळण्याचं कारण म्हणून एकच शब्द होता, ‘ओल्ड’. माझ्या मते वयस्कर टीम कशी सांभाळावी याचं याहून चांगलं उदाहरण नाही, पण बेंच (राखीव प्लेयर्स) भक्कम असेल तरच हे जमतं.

वयाचा फायदाही असतो. वर्षानुवर्षं एकत्र खेळलेल्यांना प्रॅक्टिस कमी मिळाली तरी चालतं: १९९९ च्या ५० मॅचेसच्या सीझनमधे कार्ल मलोन आणि जॉन स्टॉक्टनच्या युटाने ३७-१३ केलं, मलोन ३५ व्या वर्षी एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम प्लेयर) झाला, मात्र दुसऱ्या राउंडला पोर्टलंडने त्यांना हरवलं.

सीझन आधीचा ब्रेकही तितकाच महत्त्वाचा. लेकर्स ऑक्टोबर २०२० मधे चॅम्पियन झाले आणि जेमतेम ७१ दिवसांच्या ब्रेकनंतर ७२ मॅचेसचा नवा सीझन सुरू, त्यात ३६ वर्षांच्या लेब्रॉन जेम्सचा घोटा मार्चमधे दुखावला आणि टीम पहिल्या राउंडला फिनिक्सकडून हरली.