बेंच प्रेस (जड वजनाचा)

बेंच प्रेस म्हणजे बाकावर उताणं झोपून वजन लावलेला बार छातीपर्यंत आणायचा आणि परत वर ढकलायचा. पॉवरलिफ्टिंग म्हणजे जड वजन उचलण्याची स्पर्धा, तिच्या तीन लिफ्टमधली ही मधली, स्क्वाटनंतरची (बार खांद्यावर घेऊन बसणं-उठणं), डेडलिफ्टच्या आधीची (जमिनीवरून बार उचलणं). काम छातीचं, खांद्याच्या पुढच्या भागाचं आणि ट्रायसेप्सचं, म्हणजे दंडाच्या मागच्या स्नायूचं. डेडलिफ्ट नाही जमली तर बार सोडून मोकळं होता येतं, इथे वजनाखाली आपणच असतो, म्हणून अडकलो तर सुटायचं कसं हे आधी ठरवायचं, फॉर्मबिर्म नंतर.

बडोद्याच्या मराठी घरांत व्यायाम म्हटला की तालीम आणि जोर-बैठका, जुम्मादादा व्यायाम मंदिर ही जुनी तालीम आणि ती चालवणाऱ्या प्रो. माणिकरावांचं नाव निघतंच. पण जोर मारणाऱ्याला बेंच आपोआप येतो असं नाही. जोर मारताना खांद्याचे फरे मोकळे फिरतात, बेंचवर ते पाठीखाली दाबलेले असतात, आणि तालमीतली पोरं छातीच्या जोरावर पहिल्याच दिवशी प्लेटा चढवतात, मग आठवड्याभरात खांदा पुढून दुखतो.

तर झोपल्यावर डोळे बारच्या खाली, दोन्ही फरे मागे ओढून खाली दाबलेले, पाय जमिनीत रोवलेले, ढुंगण बाकावर. अंगठा बारभोवती गुंडाळलेलाच हवा, अंगठा न लावता धरलेला बार घसरला की थेट छातीवर नाहीतर गळ्यावर. मनगट मागे मोडू द्यायचं नाही. कोपरं पार काटकोनात फाकवली तर खांद्यावर ताण येतो, थोडी आत घ्यायची, आणि बार छातीच्या खालच्या भागाला टेकवायचा, आपटवायचा नाही. श्वास भरून, पोट घट्ट करून खाली यायचं. नुसता ऑलिम्पिक बारच 20 किलोचा असतो, तेव्हा 100 किलो करायचे असतील तर रिकामा बार, 50, 70, 85 असं चढत जायचं, वर जाताना रेप्स (एका दमात किती वेळा) कमी करत.

एकटे असाल तर रॅकमध्ये, म्हणजे बार ठेवायच्या चौकटीत, बार अडवणाऱ्या आडव्या सेफ्टी पिना लावा, उंची अशी की पाठीची कमान असताना बार छातीला टेकेल आणि कमान सोडून सपाट झालात की पिनांवर बसेल. पिना नसतील तर बारच्या टोकाला प्लेटा अडकवणारी क्लिप लावू नका, अडकल्यावर बार तिरका करून एका बाजूच्या प्लेटा पाडता येतात, फक्त दुसरी बाजू झटक्यात खाली जाते, आजूबाजूला कोणी नाही ना ते बघा. हलक्या वजनात बार पोटावरून मांडीकडे घरंगळवून उठून बसता येतं, जड वजनात तो प्रयोग नको.

स्पॉटर, म्हणजे डोक्याशी उभा राहून मदत करणारा, असेल तर किती रेप्स, बार रॅकवरून काढून देणार का, हात कधी लावायचा हे आधी बोलून घ्या. आमच्याकडचा स्पॉटर ‘हजी एक, हजी एक!’ (गुजरातीत ‘अजून एक’) ओरडत बार स्वतःच उचलत असतो, त्याच्या पाठीचा व्यायाम होतो आणि आपल्याला वाटतं आपण 100 मारले.

छातीचा स्नायू फाटणं ही मोठी दुखापत, आणि ती बहुतेकदा बार खाली आणताना होते. तड् असं जाणवतं, काखेपासून दंडापर्यंत काळंनिळं पडतं, छातीचा आकार बदलतो. अशा वेळी मालिशवाल्याकडे नाही, सरळ ऑर्थोपेडिककडे जायचं, कारण स्नायू हाडापासून सुटला असेल तर बहुधा ऑपरेशन लागतं आणि ते पहिल्या काही आठवड्यांत झालेलं बरं.